खाज मनात नसते, ताई

वाचकाचं पत्र

डॉक्टरबाई, नमस्कार.

मी ४९ वर्षांची आहे, सोलापूरला प्राथमिक शाळेत शिकवते. पाळी जाऊन सव्वा वर्ष झालं. अंगातून गरम वाफा येतात त्या एक वेळ सोसते, पण कातडीनं जीव नकोसा केलाय. पाय, पाठ, दंड इतके कोरडे पडलेत की नख लागलं तरी पांढरी रेघ उठते. रात्री अंथरुणाला पाठ टेकली की अंगावर मुंग्या चालतायत असं वाटतं. दिवा लावून बघावं तर काही नसतं. गालांवर वांग होतेच, आता कानशिलांजवळ आणि मानेवरही काळपटपणा आलाय. हनुवटीवर राठ केस येतात. कमरेला परकराच्या नाडीचा काळा वळ आहे, तिथंही खाज. केसांना दर महिन्याला काळी मेंदी लावते. जाऊबाईंनी मेडिकलमधून एक ट्यूब आणून दिली होती. पंधरा दिवसांत चेहरा उजळला, म्हणून तीन महिने लावली. आता उन्हात गेलं की चेहरा लाल होतो, जळतो, आणि एक दिवस ट्यूब नाही लावली तर आणखीच भडकतो. सासूबाई म्हणतात, साबण सोड, डाळीचं पीठ लाव. मुलगी कसलंसं सीरम मागवते. मिस्टर म्हणतात, "सगळं मनाचं आहे. या वयात चेहऱ्याचं काय घेऊन बसलीस?"

आणखी एक. लघवीच्या जागीही कोरडं पडून आग होते, खाज येते. हे कुणालाच सांगितलेलं नाही.

– एक वाचक, सोलापूर

प्रिय ताई,

पत्राच्या शेवटी तुम्ही जे दोन ओळींत उरकलंत, तिथूनच मी सुरू करते. माझ्याकडे येणाऱ्या बायकाही असंच करतात. चेहऱ्याबद्दल भरभरून बोलतात आणि दाराशी जाऊन परत वळतात, "डॉक्टर, अजून एक होतं..." ते "अजून एक" बहुतेक वेळा सगळ्यात जास्त छळणारं असतं.

योनीचा आतला भाग आणि बाहेरची त्वचा इस्ट्रोजेनवर पोसलेली असते. पाळी जाते तेव्हा हे संप्रेरक कमी होतं आणि तिथलं अस्तर पातळ, कोरडं, नाजूक होतं. आग, खाज, लघवीला जळजळ, वारंवार लघवीचा संसर्ग, नवऱ्याजवळ जाताना दुखणं, हे सगळं त्यातून येतं. गरम वाफा काही वर्षांनी ओसरतात, हा त्रास मात्र उपचार केला नाही तर सहसा आपणहून जात नाही. म्हणून "होईल बरं" म्हणत वाट बघू नका. तिथं साबण लावू नका. जाहिरातीतलं सुगंधी वॉश नको, पाण्यात जंतुनाशक टाकून धुणं तर मुळीच नको. नुसतं कोमट पाणी पुरतं. बाहेरच्या त्वचेवर साधी, बिनवासाची पेट्रोलियम जेली लावलीत तर जळजळ बरीच शमते. आणि स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटा. इस्ट्रोजेनचं कमी ताकदीचं मलम योनीत लावायला मिळतं, ते मुख्यतः तिथल्या तिथं काम करतं आणि रक्तात फारच थोडं जातं. तुम्हाला पूर्वी स्तनाचा कर्करोग झालेला असेल तर ते मात्र आधी सांगा.

तपासणी करून घ्या असं मी आग्रहानं म्हणते, त्याला आणखी एक कारण आहे. या वयात तिथं पांढरट, चुरगळलेल्या कागदासारखे पातळ चट्टे येऊन भयंकर खाज सुटण्याचा एक आजार होतो, त्याचं नाव लायकेन स्क्लेरोसस. बायका त्यावर वर्षानुवर्षं बुरशीची मलमं लावत राहतात. तो वेळीच ओळखला तर औषधानं आटोक्यात राहतो. दुर्लक्ष केलं तर जागा आक्रसते, आणि थोड्या जणींत पुढे कर्करोगाचाही धोका असतो. हे नुसतं बघून कळतं, पण बघावं लागतं. आणि पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर कधीही रक्ताचा डाग दिसला, अगदी एकच थेंब असला, तरी त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जायचं. "उष्णता झाली असेल" म्हणून सोडायचं नाही.

आता मुंग्या. तुमच्या मिस्टरांना हा परिच्छेद वाचून दाखवा. इस्ट्रोजेनचं काम फक्त गर्भाशयापुरतं नसतं, कातडीच्या पेशींवरही त्याला धरून ठेवणारे ग्राहक असतात. ते संप्रेरक कमी झालं की कातडीतलं तेल कमी होतं, पाणी धरून ठेवणारे घटक कमी होतात, वरच्या थरातल्या पेशींना एकमेकींशी जोडणारे स्निग्ध पदार्थ विरळ होतात. विटा तशाच राहाव्यात आणि मधला गिलावा झडून जावा, तसं. मग ओल बाहेर उडून जाते आणि साबण, धूळ, लोकर, घाम, काहीही आत शिरून मज्जातंतूंना डिवचतं. अंगावर काही नसताना मुंग्या चालल्याचा भास होणं ही रजोनिवृत्तीत बायका सांगतात ती तक्रार आहे, वैद्यकशास्त्रात तिला नाव आहे. रात्री ती जास्त जाणवते, कारण दिवसभर मन वर्गातल्या पोरांत असतं आणि पांघरुणात अंग तापतं. ज्या बाईची झोप महिनोन्महिने अशी मोडते तिला "मनाचं आहे" म्हणणं हा अन्याय आहे, आणि मला त्याचा राग येतो.

मात्र पुरळ नसताना सगळ्या अंगाला खाज असली की सगळा दोष रजोनिवृत्तीवर टाकून मोकळं होता येत नाही. थायरॉइड, मधुमेह, लोहाची कमतरता, यकृताचे आणि मूत्रपिंडाचे काही आजार, सगळ्यांत अशी खाज येते. थायरॉइड आणि रक्तक्षय आपल्याकडच्या बायकांत इतके आहेत की या तपासण्या मी टाळत नाही. हिमोग्लोबिन, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा), टीएसएच (थायरॉइडची तपासणी), तीन महिन्यांची साखर, लिव्हर आणि किडनीच्या तपासण्या एकदा करून घ्या. मुंग्यांसाठी बी-१२ सुद्धा, विशेषतः तुम्ही शाकाहारी असाल तर. आणि घरात आणखी कुणी रात्री खाजवतंय का, बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर पुळ्या आहेत का, तेही बघा. तसं असेल तर ती खरूज असण्याची शक्यता मोठी. शाळेत लहान मुलांमध्ये वावरणाऱ्या बाईला ती कधीही होऊ शकते, आणि तिचा उपचार वेगळा, घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी करायचा.

पत्रातली सगळ्यात तातडीची गोष्ट मात्र ती ट्यूब आहे. तिच्या मागे बारीक अक्षरांत काय लिहिलंय ते चष्मा लावून वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी एखादं नाव असेल तर ते स्टिरॉइड आहे. तुम्ही लिहिलंय त्यावरून मला ते असणारच असं वाटतं. बरेचदा सोबत हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन हे वांगावरचे दोन पदार्थ घालून तिघांचं मिश्रण विकतात. स्टिरॉइडनं सुरुवातीला चेहरा उजळतो, गुळगुळीत दिसतो, म्हणूनच ही ट्यूब एका घरातून दुसऱ्या घरात जाते. काही आठवड्यांत कातडी पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, पुळ्या येतात, चेहऱ्यावर लव वाढते (तुमच्या हनुवटीवरच्या केसांत याचाही हात असू शकतो), आणि चेहऱ्याला तिची अशी सवय लागते की सोडली की तो पेटतो. आधीच पातळ होत चाललेल्या कातडीवर हे म्हणजे दुहेरी मार. आपल्या देशातले त्वचारोगतज्ज्ञ याविरुद्ध अनेक वर्षं ओरडत आहेत. २०१८ साली केंद्र सरकारनं लावायची अनेक स्टिरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. तरीही ती काउंटरवर हात पुढे केला की मिळतात.

तीन महिन्यांनंतर ही ट्यूब मनानं बंद करून चेहरा भडकला की घाबरून पुन्हा लावायची, या चक्रात अनेक जणी अडकतात. म्हणून याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञांकडे जा, ते ती उतरवत नेण्याची पद्धत आणि मधल्या काळातली औषधं सांगतील. काही आठवडे, कधी काही महिने चेहरा त्रास देईल, मग शांत होईल. आणि ही ट्यूब आता पुढे कुणाला देऊ नका, जाऊबाईंनाही सांगा. त्यांनी प्रेमानंच दिली असणार. गंमत बघा, लायकेन स्क्लेरोससवर मी वर जे औषध म्हणाले ते हेच क्लोबेटासोल. योग्य जागी, मोजक्या प्रमाणात, कुणाच्या तरी देखरेखीखाली ते बाईचं आयुष्य सुसह्य करतं. गोरं दिसायला चेहऱ्यावर फासलं की तेच नासाडी करतं.

सासूबाईंचं निम्मं बरोबर आहे. साबण कमी करा. साधा साबण क्षारधर्मी असतो आणि कातडी किंचित आम्लधर्मी, त्यामुळे रोज सगळ्या अंगाला फेस काढला की होतं नव्हतं ते तेलही जातं. काखा, जांघा, पावलं, एवढ्यालाच साबण पुरे, तोही सौम्य, सिंडेट प्रकारचा, म्हणजे क्षार नसलेली, साबणासारखी वडी. पण डाळीचं पीठ आणि मुलतानी माती तेल शोषतात, घासतात. तरुणपणी तेलकट चेहऱ्याला ते चाललं असेल, आता नको. लिंबू तर चेहऱ्याला लावूच नका, त्यावर ऊन पडलं की काळे चट्टे उठतात.

आंघोळीचं पाणी कोमट ठेवा. गिझरचं कढत पाणी अंगावर घेताना खाज थांबल्यासारखी वाटते आणि तासाभरानं दुपटीनं येते. पाच-दहा मिनिटांत बाहेर या, टॉवेलनं रगडू नका, नुसतं टिपा, आणि अंग ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत, मॉइश्चरायझर लावा. हे वेळेचं मी मुद्दाम सांगते, कारण दहा मिनिटांनी लावलेलं महागडं क्रीम आणि लगेच लावलेलं साधं क्रीम यांत साधं क्रीम जिंकतं. डब्यावर ग्लिसरीन, सिरॅमाइड, पेट्रोलॅटम अशी नावं शोधा, वास नसलेलं घ्या. खोबरेल चालतं, कोरड्या कातडीवर त्याचा उपयोग अभ्यासांतूनही दिसला आहे, फक्त आंघोळीच्या आधी नाही तर नंतर, ओल्या अंगावर, पातळ हात फिरवून. मोहरीचं तेल नको, ते कातडीचा थर आणखी सैल करतं. टाचांना युरिया असलेलं क्रीम रात्री लावून सुती मोजे घाला. झोपायच्या आधी पाय आणि पाठीला पुन्हा एक हात. पाठीला हात पोचत नसेल तर मिस्टरांना सांगा, त्यांचाही या कामाला हातभार लागू द्या. पांघरायला तुमच्या गावची सुती चादर उत्तम, लोकरीचं किंवा मखमली ब्लँकेट अंगाला लागू देऊ नका. खूप पाणी प्यायल्यानं कातडीचा कोरडेपणा जातो असं सगळे सांगतात, त्याच्या भरवशावर राहू नका. सोलापूरच्या उन्हात पाणी प्यायलाच हवं, पण कातडीला वरून स्निग्धता लागते.

कानशिलांजवळच्या आणि मानेवरच्या काळपटपणाबद्दल मला वेगळी शंका आहे. वांग साधारण गालांवर, कपाळावर, वरच्या ओठावर येतात. केसांच्या कडेनं, कानाजवळ, मानेवर राखाडी-तपकिरी छटा पसरते तेव्हा मी आधी विचारते, केसांना काय लावता? बाजारात "काळी मेंदी" म्हणून मिळते तिच्यात बहुतेकदा पीपीडी नावाचं रसायन असतं, केस काळे करणाऱ्या बहुतेक रंगांत असतं तेच. मेंदीच्या पानात काळा रंग नसतोच. पीपीडीची ॲलर्जी अनेक वर्षं वापरल्यावरही अचानक होऊ शकते. कधी टाळू खाजते, सुजते, आणि कधी फारशी खाज न येता नुसता काळपटपणा चढत जातो, तो वांग समजून त्यावर क्रीमं लावली जातात आणि रंग मात्र दर महिन्याला चालूच राहतो. काळी मेंदी आजपासून बंद करा. त्वचारोगतज्ज्ञ पाठीवर पॅच टेस्ट करून ॲलर्जी आहे की नाही ते सांगू शकतात. पांढरे केस तसेच राहिले तर शिक्षिकेचं काही अडत नाही, पण ठेवायचे की नाहीत हे तुम्ही ठरवा. हवाच असेल तर पानांची शुद्ध मेंदी लावा, केस लालसर होतील. चिकटणाऱ्या टिकलीखाली खाज किंवा पांढरा डाग दिसला तर तीही थांबवा, तिच्या गोंदातल्या एका रसायनानं कातडीचा रंग कायमचा जाऊ शकतो.

मानेची मागची बाजू जाडसर, मखमलीसारखी काळी झाली असेल, काखेतही तसंच असेल, तर ती गोष्ट निराळी. ते शरीरात इन्सुलिन नीट काम करत नसल्याचं लक्षण असतं. घासून जात नाही, वजन आणि साखर आटोक्यात आली की फिकं होतं. या वयात पोटावर चरबी चढते तेव्हा हे अनेकींत दिसू लागतं.

खऱ्या वांगांना सगळ्यात मोठं औषध सनस्क्रीन. एसपीएफ ३० किंवा जास्त, चेहरा आणि मानेला मिळून तर्जनी आणि मधलं बोट भरेल एवढं, शाळेला निघायच्या पंधरा मिनिटं आधी, आणि बाहेर असाल तर दर दोन-तीन तासांनी पुन्हा. वांग नुसत्या अतिनील किरणांनी नाही, दिसणाऱ्या प्रकाशानंही गडद होतात, म्हणून किंचित रंग असलेलं, आयर्न ऑक्साइडवालं सनस्क्रीन आपल्या सावळ्या कातडीला जास्त उपयोगी पडतं, आणि पांढरं भूत झाल्यासारखंही दिसत नाही. स्कूटीवर स्कार्फ बांधता तो चांगलाच आहे, पण सनस्क्रीनच्या जोडीला.

नाडीचा वळ हलक्यात घेऊ नका. २०२४ साली वर्धा आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात दोन स्त्रियांची हकिकत मांडली. त्यांच्या कमरेवर घट्ट वस्त्राच्या वर्षानुवर्षांच्या घर्षणानं जखम झाली होती आणि पुढे त्याच जागी कर्करोग झाला होता. त्यांतली एक साठी ओलांडलेली, नऊवारी नेसणारी. असं होणं फार दुर्मीळ आहे, घाबरू नका. पण नाडी सैल बांधा, रुंद पट्ट्याचा परकर शिवून घ्या, गाठीची जागा रोज बदला, घरी गाऊन किंवा सलवार घाला आणि त्या वळावर रोज मॉइश्चरायझर लावा. तिथं न भरणारी जखम, गाठ किंवा खपली दिसली तर लगेच दाखवा. वाफा येऊन घाम साचतो तिथं, स्तनांखाली आणि जांघेत, गोल लाल चट्टे आले तर ते गजकर्ण असू शकतं. त्यावरही मेडिकलमधली "सगळ्यावर एक" मलमं लावायची नाहीत, त्यांतही स्टिरॉइडच असतं.

हनुवटीचे केस इस्ट्रोजेन कमी होऊन पुरुषी संप्रेरकांचा पगडा वाढल्यानं येतात. चिमट्यानं काढा, थ्रेडिंग करा, हवं तर कापा. कापल्यानं ते दाट होत नाहीत. चेहरा शांत होईपर्यंत ब्लीच आणि फेशियल नको. लेझर काळ्या केसांवर चालतं, पांढऱ्यांवर नाही, तेव्हा करायचं तर उशीर करू नका. केस एकाएकी झपाट्यानं वाढले, आवाज घोगरा झाला, तर मात्र डॉक्टरांना सांगा.

मुलीच्या सीरमबद्दल: तिचा हेतू छान आहे, वेळ चुकीची आहे. रजोनिवृत्तीनंतरच्या पहिल्या पाच वर्षांत कातडीतलं जवळजवळ ३० टक्के कोलॅजेन (कातडीला घट्टपणा देणारं प्रथिन) कमी होतं आणि पुढे दरवर्षी साधारण २ टक्के, असं अभ्यास सांगतात. त्यावर रेटिनॉइडचा, म्हणजे अ-जीवनसत्त्वाच्या कुळातल्या औषधाचा, खरोखर उपयोग होतो. पण आत्ता पेटलेल्या चेहऱ्यावर ते लावलं तर निखारा ठेवल्यासारखं होईल. चेहरा निवला की डॉक्टरांना विचारून, आठवड्यातून दोन रात्री, वाटाण्याएवढं, असं सुरू करता येईल. कोलॅजेनच्या पावडरीवर पैसे घालू नका. तिच्यावरचे बरेच अभ्यास ती विकणाऱ्यांच्याच पैशांवर झालेले आहेत. डाळ, उसळ, दूध, चालत असतील तर अंडी, हे रोज पोटभर घ्या. बायका सगळ्यांना वाढून स्वतः आमटी-भातावर भागवतात, ते आता बंद. संप्रेरकांच्या गोळ्या फक्त कातडीसाठी घ्यायच्या नसतात. वाफांनी तुमची झोप उडत असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांशी तो विषय नक्की काढा, मग कातडीला फायदा झाला तर तो वरचा.

तुमच्या शहरात सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, त्याच्या सिव्हिल हॉस्पिटलात त्वचारोग आणि स्त्रीरोग दोन्ही विभाग आहेत. खासगीत परवडत नसेल तर तिथं जा. जाताना ती ट्यूब, काळ्या मेंदीचं पाकीट आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या. केसपेपरवर खाज किती महिने आहे, रात्री किती वेळा जाग येते हे लिहून घ्यायला सांगा, आणि लघवीच्या जागेचं आधी सांगा, दाराशी गेल्यावर नाही. लाज वाटत असेल तर माझ्या या उत्तराचं कात्रण पुढे करा. खाजेची गोळी दिली तर विचारा की तपासण्या कधी करायच्या. त्या गोळीनं झोप येते, पण थायरॉइडचा आकडा इकडचा तिकडे झाला असेल तर तो तसाच मागे राहतो.